ती चाल मधेच कुठे गेली?

या वेळचं पत्र मिरजेहून आलंय. थोडं आवरून देते.

"वय ६३. बँकेतून निवृत्त झालो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतिदिनाला दर्ग्यात जे गाणं होतं, तिथे लहानपणापासून रात्र रात्र बसत आलोय. घरी पेटी आहे, रोज तासभर वाजवतो. मागच्या सप्टेंबरात लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. जावई तिथे सॅक्सोफोन शिकतोय. त्याने मोठ्या हौसेने न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात नेलं. उभा जिना उतरताना गुडघ्यांनी जीव काढला, आणि खाली तासभर बसून हाती काही लागलं नाही. सुरुवातीला एक चाल वाजली, ती बरी होती. मग ती जी गेली ती एकदम शेवटीच परत आली. मधे जो तो आपापलं वाजवत होता. ड्रमवाला एका क्षणाला कुणाला मोकळं सोडेल तर शपथ. लोक मधेच टाळ्या वाजवत होते. गाडीत जावयाने विचारलं, 'बाबा, कसं वाटलं?' मी म्हणालो, 'अरे, हा तर लोकांसमोर बसून रियाज चाललाय.' तो गप्प झाला. लेक दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आता मे महिन्यात पुन्हा जायचंय आणि त्याने आत्ताच विचारलंय, बाबा परत येणार का. माझा कान म्हातारा झाला, की त्या संगीतातच दम नाही? की आवडल्याचं सोंग करून पोरांना खूश करू?"

सोंग करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मी ते केलेलं आहे.

मी कॉलेजात होते तेव्हा धोबीतलावला रंगभवनात जॅझ यात्रा भरायची. १९७८ साली ती सुरू झाली आणि पहिल्याच वेळी सॉनी रोलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक मुंबईत वाजवून गेला. मी गेले ती त्यानंतर काही वर्षांनी, मैत्रिणीच्या भावाच्या मित्रमंडळाबरोबर. उघड्यावरचं थिएटर, रात्रीची हवा, सगळे डोळे मिटून माना हलवतायत. मीही हलवली. बाहेर पडल्यावर 'काय वाजवलं!' एवढं म्हणायला शिकले. पुढे कित्येक वर्षं मी जॅझला जात होते आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. कारण माझं सगळं लक्ष शेजारच्याकडे असायचं. टाळी कधी पडते, मान कधी हलते, हसायचं कधी. तुम्ही निदान मंचाकडे बघत होतात आणि जे वाटलं ते बोललात. तुमचा रस्ता माझ्यापेक्षा जवळचा आहे.

तुमचा कान म्हातारा झालेला नाही. पत्रात तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात: चाल गेली ती शेवटी आली, मधे प्रत्येकाने आपलं वाजवलं, ड्रमवाला थांबला नाही, टाळ्या मधेच पडल्या. अहो, जॅझची बैठक अशीच असते. पहिल्या रात्री, काही माहीत नसताना, तुम्ही तिचा अख्खा आराखडा बरोबर टिपलात. फक्त प्रत्येक गोष्ट तक्रार म्हणून टिपलीत.

याचं कारण मला असं दिसतं. तुम्ही त्या तळघरात उतरलात ते आपले नेहमीचे प्रश्न घेऊन. राग कुठला, सम कुठे, मुख्य कलाकार कोण. या प्रश्नांनी तुम्हाला आयुष्यभर सुख दिलंय, त्यामुळे ते प्रश्न आहेत हेच तुमच्या लक्षात येत नाही. तुम्हाला वाटतं ऐकणं म्हणजे हेच. तिथे त्यांची उत्तरं मिळाली नाहीत, तेव्हा मन म्हणालं, इथे काही नाही.

तुम्ही पेटी वाजवता म्हणून तुमच्याच घरातलं उदाहरण देते. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, आणि ती पुढे तीस वर्षं टिकली. बंदी घालणारे अडाणी नव्हते. पेटीचे स्वर ठरीव आहेत, तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकताना कुणी मींड शोधत बसलं असतं, तर त्याला काय मिळालं असतं? वाद्य जे करत नाही ते मोजत बसलं की ते जे करतं ते कानापर्यंत पोचत नाही. तुम्ही पेटीच्या बाजूने आयुष्यभर भांडला असाल. तेच भांडण आता सॅक्सोफोनच्या बाजूने स्वतःशी करायचंय.

आणि मनाची बैठक कानावर हुकूम गाजवते, हे फक्त नवख्यांचं होत नाही. रॉय एल्ड्रिज नावाचा नामवंत कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक होता. वाजवणारा गोरा आहे की काळा हे आपण नुसतं ऐकून सांगू शकतो, असं त्याचं ठाम मत होतं. त्या मतामागे त्याने सोसलेलं बरंच काही होतं. गोऱ्यांच्या बँडबरोबर दौऱ्यावर असताना, जिथे पाटीवर आपलं नाव झळकतंय त्याच दारात अडवलं जाणं त्याने भोगलं होतं. लिओनर्ड फेदर हे टीकाकार तेव्हा एक परीक्षा घ्यायचे: नाव न सांगता तबकडी लावायची आणि ऐकणाऱ्याने मत द्यायचं. 'डाउनबीट' मासिकात ती छापून यायची. १९५१ साली एल्ड्रिज त्या परीक्षेला बसला आणि कितीतरी तबकड्यांना चुकला. चुकलो हे त्याने कबूलही केलं. आयुष्य ज्याने या संगीतात घालवलं त्या कानाची ही गत, तर तुम्ही एका रात्रीवरून खचून कशाला जाता?

दुसरी गोष्ट पॅरिसची. २१ मार्च १९६०, ऑलिम्पिया थिएटर. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा संच वाजवतोय. लोक माइल्सच्या जपून, मोजून ठेवलेल्या स्वरांसाठी आलेले. त्याच्याच संचातला जॉन कोल्ट्रेन मात्र त्या रात्री सॅक्सोफोनवर स्वरांचे लोंढेच्या लोंढे सोडत होता. सभागृहातून शिट्ट्या सुरू झाल्या. तिकडे शिट्टी म्हणजे नापसंती. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आहे, शिट्ट्या स्पष्ट ऐकू येतात. आज तेच वादन लोक शोधून शोधून ऐकतात. स्वर एकही बदललेला नाही. तेव्हाच्या माणसांना माइल्स हवा होता आणि मधे कोल्ट्रेन आला. आजचा माणूस कोल्ट्रेनसाठीच बसतो.

तुम्ही ज्या जागी बसलात त्याच व्हॅनगार्डमध्ये २५ जून १९६१ ला, एका रविवारी, पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीने दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठकी वाजवल्या. त्याही ध्वनिमुद्रित आहेत. त्यांत पेल्यांची किणकिण येते, कुणाचं तरी हसणं येतं, गप्पा चालू असतात. बेसवर स्कॉट लाफारो होता, अवघ्या पंचविशीचा. त्यानंतर अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. मी ते वादन ऐकते तेव्हा दर वेळी त्या हसणाऱ्या बाईचा मला हेवा वाटतो आणि तिची कीवही येते. ती तिथे होती, आणि तिला रविवारची संध्याकाळ चांगली घालवायची होती, बस. तिने मागितलं तेवढं तिला मिळालं.

असो. आता कामाचं सांगते. पेटी काढा.

पांढरी दोनला सा धरा आणि काळ्यांना हात न लावता सगळ्या पांढऱ्या पट्ट्या चढत जा. काय झालं? काफी थाट. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आता काळी दोनला सा धरा आणि तोच काफी तिथे वाजवा. बोटं अडखळतील, पण निघेल. एवढी तयारी झाली की माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीतली पहिली रचना लावा. नाव 'सो व्हॉट'. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये, जुन्या चर्चचा स्टुडिओ केलेल्या इमारतीत ती ध्वनिमुद्रित झाली. त्यात जे स्वर आहेत ते हेच: पांढरी दोनचा काफी आणि काळी दोनचा काफी. दुसरं काही नाही.

मोजायचं कसं ते तुम्हाला सोपं जाईल. बोटांवर आपला त्रिताल धरा, सोळा मात्रांचा. टाळी-खाली विसरा, नुसत्या मात्रा मोजायच्या. चार आवर्तनं पांढरी दोनवर. मग दोन आवर्तनं काळी दोनवर. मग पुन्हा दोन पांढरी दोनवर. झाला एक फेरा, १२८ मात्रांचा, मिनिटाला थोडा कमी. नऊ मिनिटांत शेवटपर्यंत हाच फेरा फिरत राहतो. कुणीही वाजवत असो, कितीही उड्या मारत असो, तो मोडत नाही.

सुरुवातीला पियानो आणि बेस अर्धा मिनिट काहीतरी पुटपुटल्यासारखं करतात, तिथे मोजू नका. मग बेस एक प्रश्न विचारतो. हो, चाल बेसवर आहे, सगळ्यात जाड आवाजाच्या वाद्यावर. तुम्ही ती वरच्या पट्टीत शोधत बसाल म्हणून आधीच सांगते. त्याला दोन ठोक्यांचं उत्तर येतं, आधी पियानोकडून, मग ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडूनही. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. चार आवर्तनं झाली की तोच प्रश्न अर्ध्या स्वराने वर चढतो. पेटीवर बोट ठेवून बघा, काळी दोन. हा चढ ज्या क्षणी तुमच्या अंगाला कळेल, त्या क्षणी तुमचं अर्धं काम झालं.

दीड मिनिटाच्या सुमाराला फेरा संपतो, आणि माइल्स आपला पहिला स्वर टाकतो त्याच वेळी ड्रम्सवर जिमी कॉब एक मोठी झांज वाजवतो. ती झांज हवेत बराच वेळ राहते. मी ती पहिल्यांदा खरी ऐकली तेव्हा स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. मुलाने आतल्या खोलीत लावलं होतं. त्याआधी मी ती रचना पन्नास वेळा तरी 'ऐकली' असेल. त्या दिवशी कुणी बघत नव्हतं, कुणाला काही दाखवायचं नव्हतं, आणि बेस आपोआप कानात मोजला जात होता. झांज पडली आणि माझ्या तोंडून जो उद्गार निघाला तो तुम्ही दर्ग्यात समेवर काढता तोच होता. हातातली जुडी तशीच राहिली.

पुढे माइल्सचे दोन फेरे, मग कोल्ट्रेनचे दोन, मग दुसऱ्या सॅक्सोफोनवर असलेल्या कॅननबॉल अॅडर्लीचे दोन, मग बिल एव्हान्सचा पियानोवर एक. माइल्स जागा सोडून सोडून बोलतो. कोल्ट्रेन जागा भरून काढतो. अॅडर्ली गप्पिष्ट, हसरा. एकाच जमिनीवर चार स्वभाव. 'जो तो आपापलं वाजवत होता' असं तुम्ही लिहिलंत ना? बरोबरच लिहिलंत. पण प्रत्येकाच्या पायाखालचे ते १२८ ठोके तेच होते, आणि प्रत्येकाला ते ठाऊक होतं. एव्हान्सने त्या तबकडीच्या वेष्टनावर लिहून ठेवलंय की माइल्स स्टुडिओत फक्त आराखडे घेऊन आला होता. म्हणजे तुम्ही ऐकता तो रियाज नव्हे, पहिलीच भेट आहे.

तुमची ती हरवलेली चाल हीच. ती कुठे गेली नव्हती, खाली चालू होती. सगळ्याच रचना 'सो व्हॉट'सारख्या दोन सुरांवर उभ्या नसतात. बहुतेक ठिकाणी मूळ गाण्याच्या खालचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, दर एक-दोन मात्रागटांनी बदलत जातात, आणि वादक त्या बदलत्या जमिनीवर नवी चाल रचत जातो. आपल्याला तंबोऱ्याची सवय. षड्ज कधी हलत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. तिथे जमीनच हलते, आणि आपल्यासारख्याला पहिल्यांदा बोट लागल्यासारखं होतं. त्यावर एकच उपाय मला सापडलाय: सुरुवातीची चाल पाठ करायची, आणि सोलो, म्हणजे एकेकाचं वादन, चालू झाला की मनातल्या मनात तीच गुणगुणत राहायची. सुरुवातीला दोन ओळींत चुकामूक होईल. चालेल. एखाद्या दिवशी तुमची गुणगुण आणि त्याचा सोलो एकाच दारातून बाहेर पडतील.

ड्रमवाल्याचं थोडक्यात. त्याच्याकडे सगळा मिळून एक गोंगाट म्हणून बघू नका. उजवा हात बघा, मोठ्या झांजेवरचा. ठेका तिथे आहे. डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला जोडझांज मिटतो. राहिलेला डावा हात आणि उजवा पाय हे बोलत असतात, सोलो वाजवणाऱ्याला टोकत, उचकवत, हुंकार देत. आपला तबलजी ठेका धरून असतो आणि संधी मिळाली की बोलतो. हा दोन्ही एकदम करतो. कुणालाच मोकळं सोडत नाही म्हणालात. तेच त्याचं काम.

आणि टाळ्या. एकाचा सोलो संपला की टाळी, ही तिकडची रीत. तुम्ही तान जमली की मधेच 'क्या बात है' म्हणता, तशीच. दाद देणारा तिथेही बैठकीचा भाग असतो. १९५६ च्या ७ जुलैला न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला पॉल गोन्साल्व्हिस सॅक्सोफोनवर उभा राहिला आणि एकामागून एक सत्तावीस फेरे वाजवत गेला. मधेच काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली, मग लोक खुर्च्यांवर उभे राहिले, आणि त्या आरड्याओरड्यावर स्वार होऊन तो वाजवत राहिला. एलिंग्टनचे दिवस तेव्हा जरा पडतीचे चालले होते. त्या रात्रीने ते पालटले. ऐकणाऱ्यांनी त्या वादनाला हात लावला, असं मी म्हणेन. हाताची घडी घालून बसलेल्या सभागृहासमोर सत्तावीस फेरे झाले नसते. हे तुम्हाला मी काय सांगावं? थंड बैठकीत गवयाचं काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. तुम्ही कोल्ट्रेन ऐकायला लागाल तेव्हा कुणीतरी सांगेलच की त्याला आपल्या संगीताची ओढ होती, त्याने मुलाचं नाव रवी शंकरांवरून रवी ठेवलं. ते खरं आहे. त्याचं १९६० सालचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' तुम्हाला कदाचित सगळ्यात लवकर आवडेल, कारण खालची जमीन बराच वेळ एका जागी राहते आणि वरचा सोप्रानो सॅक्सोफोन शहनाईच्या जवळ जातो. जरूर ऐका. पण जिथे जिथे आपल्यासारखं वाटतं तिथेच 'वा' म्हणायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, ही सवय लावून घेऊ नका. आपल्याकडचे पुष्कळ जाणकार तिथेच अडकतात. जॅझची मुळं न्यू ऑर्लिन्समध्ये आहेत, गुलामगिरीतून आलेल्या माणसांच्या गाण्यात आणि ब्लूजमध्ये. त्या माणसांनी ते आपल्यासाठी, आपल्या बळावर उभं केलं. त्याला मान द्यायला आपल्या रागाचा दाखला लागत नाही.

आणि ते तुम्हाला वाटतं तितकं परकंही नाही. सी. रामचंद्रांची 'अलबेला'मधली गाणी तुमच्या पिढीला तोंडपाठ असणार. पुणतांब्याच्या या मराठी माणसाच्या वाद्यवृंदात चिक चॉकोलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता, जो एरवी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा. १९५१ साली तुमच्या वडिलांच्या पायांनी ज्यावर ठेका धरला त्यात ते रक्त होतंच. त्यांना कुणी 'हे जॅझ आहे, समजून घ्या' म्हणून सांगितलं नव्हतं, म्हणून पाय हलला.

यावरून तुमच्या लेकीला आणि जावयालाही एक सांगावंसं वाटतं; त्यांना हे वाचायला द्या. या संगीताची परीक्षा करून ठेवण्यात जॅझवाल्यांचाच मोठा हात आहे. 'तुम्हाला नाही कळायचं' हे वाक्य तोंडाने म्हटलं नाही तरी चेहऱ्यावर दिसतं. ज्याला नुसतं ऐकायचंय तो त्या चेहऱ्याला घाबरतो, आणि मग एक तर माझ्यासारखं सोंग करतो नाही तर तुमच्यासारखा हल्ला करतो. त्या रात्री तुम्हाला जिन्यावर नुसतं एवढं सांगितलं असतं, की बाबा, चाल दोनदाच वाजेल, मधे तिच्यावर बांधकाम चालतं, तर तुमची संध्याकाळ वेगळी गेली असती. अर्थात तुम्हीही आठवून बघा. दर्ग्यात विलंबित ख्याल चालू असताना शेजारच्या कुणा तरुण पोराने चुकीच्या जागी टाळी वाजवली, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे कसे बघितलात?

जावई का गप्प झाला, हे तुम्हाला कळलंय असं पत्राच्या सुरावरून वाटतं. घरात गाण्यातलं कळणारा माणूस एकच, तुम्ही. त्याने आपली सगळ्यात आवडती गोष्ट तुमच्यासमोर ठेवली आणि तुम्ही तिला रियाज म्हणालात. तो तर खरोखरच रोज रियाज करतोय. त्याला तुमची दाद नको होती, तुमची उत्सुकता हवी होती. ती अजून देता येईल. मे महिन्याची वाट बघू नका. या रविवारी व्हिडिओ कॉल लावा, तुम्ही पेटी घेऊन बसा, त्याला सॅक्सोफोन काढायला सांगा, आणि म्हणा, "मी पांढरी दोन धरतो, तू 'सो व्हॉट' वाजव, काळी दोन कधी येते ते मला हाताने दाखव." त्याच्या वाद्यावर त्याच स्वरांची नावं वेगळी लागतात, ते त्याचं तो बघून घेईल. फोनवर आवाज मागेपुढे होतो, एकत्र वाजवणं जमणार नाही. एकाने वाजवायचं, एकाने मोजायचं. रियाजाचं ते वाक्यही काढा. "मी तेव्हा रागाने बोललो, मला काही सापडत नव्हतं" एवढं पुरे.

किती ऐकायचं? एकच रचना, रोज एकदा, दोन-तीन आठवडे. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की नुसती पुन्हा पुन्हा ओळख झाली तरी माणसाला गोष्ट आवडायला लागते. पण त्यात मेख आहे: जे मुळात नकोसं झालंय ते डोक्यावर आदळत राहिलं तर नावड वाढूही शकते. म्हणून दात-ओठ खाऊन ऐकू नका. वैताग आला की बंद करा, पेटीवर आपला काफी वाजवा, उद्या बघा.

आणि हे सगळं करूनही नाही आवडलं, तर नाही आवडलं. तो हक्क तुमचा. मला स्वतःला मोठमोठ्या नावांतले दोघे-तिघे आजही भावत नाहीत, आणि आता मी ते सांगते. फक्त तेव्हा जावयाला "यात काही नाही" असं म्हणू नका, "ही झांज आवडली, तो तिसरा फेरा लांबला" असं काहीतरी म्हणा. अशा नावडीवर दोन माणसं रात्रभर बोलू शकतात.

मे महिन्यात व्हॅनगार्डला सोमवारी जा. १९६६ च्या फेब्रुवारीपासून सोमवार हा तिथे मोठ्या बँडचा वार आहे. सोळा जण, बरंचसं लिहून बसवलेलं, त्यामुळे चाल तुम्हाला वरचेवर भेटत राहील. लवकर जा, म्हणजे ड्रमवाल्याचा उजवा हात दिसेल अशी जागा मिळेल. आणि जिना उतरताना जावयाला पुढे ठेवा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरा.